गरमागरम उत्तरांचं स्वयंपाकघर

ए दोस्त, जरा जवळ ये. एक कोडं आहे!

भारत स्वतंत्र झाला १५ ऑगस्ट १९४७ रोजी. आपलं संविधान लागू झालं २६ जानेवारी १९५० रोजी. सांग बरं, या दोन तारखांमध्ये किती दिवसांचं अंतर आहे?

डोकं खाजवलंस ना? खाजवणारच! आधी वर्षं मोजायची. मग महिने मोजायचे. कुठला महिना तीसचा, कुठला एकतीसचा, हे बोटांच्या पेरांवर आठवायचं. त्यात १९४८ हे लीप वर्ष मधेच दबा धरून बसलेलं! एक दिवस इकडचा तिकडे झाला की संपलं.

आता गंमत ऐक. इंटरनेटवर एक जागा आहे. तिचं नाव वुल्फ्रम अल्फा. ती उघडली की एक लांबट चौकट दिसते. चौकटीत दोन्ही तारखा टाइप करायच्या आणि एंटर दाबायचं. थोडं थांबायचं, की उत्तर हजर: ८९५ दिवस! शिवाय पहिली तारीख शुक्रवारची होती आणि दुसरी गुरुवारची, हेही तिथेच कळतं.

तू म्हणशील, "त्यात काय एवढं? इंटरनेटवर तर सगळंच शोधून मिळतं!"

थांब थांब थांब! खरी गंमत तर पुढेच आहे. वुल्फ्रम अल्फानं हे उत्तर शोधलंच नाही.

त्यानं ते बनवलं!

म्हणजे काय? चल, थेट स्वयंपाकघरात जाऊ.

समज, तुला कडकडून भूक लागलीय. तू एका ओळखीच्या काकांना विचारतोस किंवा विचारतेस, "काका, काही खायला मिळेल का?" काका फार हुशार. त्यांना गावातलं प्रत्येक हॉटेल माहीत आहे. ते पटकन एक यादी तुझ्या हातात ठेवतात. इथे वडा मिळतो, तिथे मिसळ मिळते, पलीकडे इडली मिळते. आता जा आणि बघ!

आपलं नेहमीचं सर्च इंजिन मुळात या काकांसारखं काम करतं. कुणीतरी आधी लिहून ठेवलेली पानं ते तुला दाखवतं. पान उघडायचं, वाचायचं, उत्तर हुडकायचं, हे काम तुझं.

आता हाच प्रश्न आजीला विचार. आजी यादीबिदी देत नाही. ती उठते, भाजणीचा डबा काढते, कांदा चिरते, तिखट-मीठ घालते आणि तव्यावर थालीपीठ थापते. पाच-दहा मिनिटांत गरमागरम थालीपीठ तुझ्या ताटात! हे थालीपीठ मघाशी जगात कुठेच नव्हतं. ते तुझ्यासाठी, तू मागितलंस म्हणून, आत्ता तयार झालं.

वुल्फ्रम अल्फा म्हणजे अशी आजी!

आणि म्हणूनच एक अफाट गोष्ट घडू शकते. जो प्रश्न आजवर कुणीच विचारला नाही, ज्याचं उत्तर कुठल्याही पानावर लिहिलेलं नाही, त्याचंही उत्तर तिथे मिळू शकतं. तुझ्या जन्मापासून आजपर्यंत किती दिवस झाले, हे कुठल्या पुस्तकात छापलेलं असेल? कुठल्याच नाही! उद्या तर ते उत्तर बदलेलसुद्धा. तरी जन्मतारीख टाइप केली की उत्तर समोर येतं. त्या दिवशी वार कोणता होता आणि आकाशात चंद्राची कोर केवढी होती, हेही!

अजून एक जबरदस्त उदाहरण सांगू? आपल्या डोक्यावरून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फिरतं. अंतराळवीर जिथे राहतात ना, ते. ते साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि सुमारे दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं. अख्ख्या पृथ्वीला! तू शाळेत दोन-तीन तास संपवून मधल्या सुट्टीत डबा उघडतेस किंवा उघडतोस, तोवर त्याची एक फेरी पुरीसुद्धा झालेली असते.

आता विचार, "ते स्थानक या क्षणी कुठे आहे?" हे कुणी लिहून ठेवणार कसं? लिहीपर्यंत ते कितीतरी किलोमीटर पुढे पळालेलं असणार! इथे यादी देणारे काका काय करतील? पण आजी हिशोब करते. स्थानकाची वाट माहीत आहे, वेग माहीत आहे, घड्याळात किती वाजले तेही माहीत आहे. चला, काढा जागा! आणि नकाशावर एक ठिपका उमटतो.

पण आजीला हे सगळं जमतं कसं? त्यासाठी तिच्या फळीवर डबे हवेत!

वुल्फ्रम अल्फाकडे डबेच डबे आहेत. एका डब्यात देशांची लोकसंख्या. एकात ग्रह-तारे. एकात मूलद्रव्यं, एकात हवामान, एकात खाण्याच्या पदार्थांमधली जीवनसत्त्वं. ही साइट लोकांसाठी खुली झाली तेव्हाच तिच्या कर्त्यांनी सांगितलं होतं, की माहितीचे १० लाख कोटींहून जास्त कण आत भरलेत. १० लाख कोटी! एकावर तेरा शून्यं लिही, म्हणजे तो आकडा दिसेल.

आणि ती माहिती जशी मिळाली तशी डब्यात ओतलेली नाही बरं का! आजी डाळ कशी भरते? आधी सुपात घेऊन पाखडते. खडे वेचते. मग डब्यात. इथेही तसंच आहे. माहिती कुठून आली ते माणसं तपासतात. एका ठिकाणी किलोमीटर आणि दुसरीकडे मैल असेल, तर ते जुळवून घेतात. चुकीचं वाटेल ते पुन्हा पडताळतात. मला तर या सगळ्या खटाटोपातलं हेच काम सगळ्यात मोलाचं वाटतं. कारण खडा राहिला तर आजी कितीही सुगरण असली तरी घास दाताखाली कचकन लागणारच!

काही डबे रोज नव्यानं भरावे लागतात. हवामानाचंच घे. कालचं तापमान आज शिळं!

डबे झाले. आता कृती हवी. नुसती भाजणी समोर ठेवून थालीपीठ होत नाही. आधी काय, मग काय, किती वेळ, हे माहीत लागतं. संगणकाच्या अशा कृतीला म्हणतात अल्गोरिदम. घाबरू नकोस, शब्द मोठा असला तरी अर्थ तेवढाच: पायरीपायरीनं करायची कृती. दोन तारखांमधले दिवस मोजायची एक कृती, चंद्राची कोर काढायची दुसरी, वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायची तिसरी. अशा ५० हजारांवर प्रकारच्या कृती सुरुवातीलाच आत होत्या!

आणि तिसरी गोष्ट. तुझं म्हणणं आजीला कळायला हवं! प्रश्न साधारणपणे इंग्रजीत टाइप करायचा. पण व्याकरणाची धास्ती नको. अख्खं वाक्य नसलं तरी चालतं. दोन तारखा आणि मधे 'टू' एवढं लिहिलं तरी भागतं. कधी कधी मात्र एका शब्दाचे दोन अर्थ निघतात. 'अ‍ॅपल' लिहिलंस, तर तुला खायचं सफरचंद हवंय की त्या नावाची कंपनी? अशा वेळी वुल्फ्रम अल्फा एक अर्थ धरून चालतं आणि वर प्रामाणिकपणे लिहितं, की मी हा अर्थ धरलाय, दुसरा हवा असेल तर इथे टिचकी मार. आहे ना शहाणं!

हे स्वयंपाकघर बांधलं कुणी?

त्यांचं नाव स्टीफन वुल्फ्रम. १९५९ साली लंडनमध्ये जन्मले. लहानपणापासून त्यांना माहिती गोळा करून नीट लावून ठेवायचा नाद! बारा-तेरा वर्षांचे असताना त्यांनी भौतिकशास्त्रातल्या माहितीचा स्वतःसाठी एक संग्रहच तयार केला होता. विसाव्या वर्षी त्यांना पीएचडी मिळाली, अमेरिकेतल्या कॅलटेक या नामांकित संस्थेतून. विसाव्या वर्षी! बहुतेकांचं तेव्हा कॉलेजसुद्धा संपलेलं नसतं.

१९८८ साली त्यांच्या कंपनीनं मॅथेमॅटिका नावाची संगणकप्रणाली आणली. ती अवघड अवघड गणितं सोडवायची. पण ती वापरायला तिची भाषा शिकावी लागे. मग वुल्फ्रमना वाटलं, साध्या माणसानं साध्या बोलीत विचारावं आणि संगणकानं हिशोब करून सांगावं, असं का होऊ नये? मे २००९ मध्ये वुल्फ्रम अल्फा सगळ्यांसाठी खुलं झालं. ते सुरू होतानाचा सोहळा इंटरनेटवर थेट दाखवला होता! त्या दिवसांत इतकी गर्दी झाली, की ही साइट एका जुन्या अंतराळ-चित्रपटातल्या संगणकाच्या थाटात माफी मागायची.

आणि हे स्वप्न किती जुनं आहे, माहितीये? तीनशे वर्षांहून जुनं! जर्मनीत लायब्निझ नावाचे एक थोर विद्वान होते. जन्म १६४६ चा. त्यांनी चक्रं आणि दांडे जोडून बेरीज-गुणाकार करणारं यंत्र बनवलं होतं. विजेशिवाय, हातानं फिरवायचं! त्यांना वाटायचं, की एके दिवशी माणसं वाद घालत बसणारच नाहीत. प्रश्न नीट मांडतील आणि म्हणतील, चला, हिशोब करून बघू! बिचाऱ्यांना विजेवर चालणारा संगणक बघायला मिळाला नाही. आपल्याला मिळाला!

बरं, आता मजा करू या. चल, प्रत्यक्ष प्रयोग!

घरातला साधा कॅल्क्युलेटर घे. त्यात १११११११११ लिही. म्हणजे नऊ वेळा एक. आता त्याला त्याच संख्येनं गुण. काय झालं? बऱ्याच कॅल्क्युलेटरवर एवढे आकडे मावतच नाहीत. काही चूक दाखवतात. काही थोडेच आकडे दाखवून पुढचं गुंडाळून ठेवतात.

हेच वुल्फ्रम अल्फाला विचार. आणि उत्तर बघ:

१२३४५६७८९८७६५४३२१

अहाहा! वाच पुन्हा. एकपासून नऊपर्यंत पायऱ्या चढल्या आणि नऊपासून एकपर्यंत उतरल्या! डावीकडून वाच नाहीतर उजवीकडून, सारखंच!

असं का झालं? छोटं उदाहरण घे. १११ गुणिले १११. शाळेत शिकवतात तसं मांड. एक १११. त्याच्याखाली एक घर डावीकडे सरकवून दुसरा १११. त्याच्याखाली आणखी एक घर सरकवून तिसरा. आता उभ्या रांगा मोज. कडेच्या रांगेत एकच १. पुढच्या रांगेत दोन. मधल्या रांगेत तीन. मग दोन. मग एक. उत्तर १२३२१! जादूबिदू काही नाही, नुसत्या रांगा!

आता अंदाज कर, या संख्यांवर प्रेम कुणी केलं असेल? आपल्याच एका शाळामास्तरांनी! त्यांचं नाव द. रा. कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूला. नाशिकजवळ देवळालीत ते शाळेत शिकवायचे आणि उरलेला वेळ संख्यांशी खेळायचे. १२३२१ सारख्या संख्यांना त्यांनी नाव दिलं डेम्लो संख्या. हे नाव आलं कुठून? रेल्वे स्टेशनावरून! तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर डेम्लो स्टेशन होतं. ते म्हणजे आजचं डोंबिवली! तिथेच त्यांना या संख्यांचा विचार सुचला. लोक लोकलची वाट बघत जांभया देतात आणि आपले कापरेकर सर संख्या शोधतात!

आणि ऐक तर! वुल्फ्रम यांच्याच कंपनीच्या साइटवर मॅथवर्ल्ड नावाचा गणिताचा मोठा कोश आहे. त्यात डेम्लो संख्यांची नोंद आहे. कापरेकरांच्या नावाच्याही नोंदी आहेत. देवळालीच्या मास्तरांचं नाव अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या कंपनीच्या कोशात! मला हे वाचून इतका आनंद झाला, की काय सांगू!

पण प्रयोग संपला नाही. नऊ वेळा एक घेतले. आता दहा वेळा घे. उत्तर काय येईल? "१२३४५६७८९१०..." असं म्हणणार होतीस किंवा होतास ना? फसलीस! फसलास! हे बघ:

१२३४५६७९००९८७६५४३२१

अरेच्चा! चढताना सातनंतर एकदम नऊ! आठ कुठे पळाला? आणि मधे ही दोन शून्यं कुठून आली?

पुन्हा रांगा मोज. आता मधल्या रांगेत दहा एक आहेत. बेरीज दहा. पण एका घरात एकच आकडा मावतो! म्हणून शून्य लिहायचं आणि हातचा एक शेजारी द्यायचा. शेजारी होते नऊ. त्यांचे झाले दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक! पुढे होता आठ. त्याचा झाला नऊ. म्हणजे आठ पळाला नाही. हातचा घेऊन तो नऊ झाला!

उत्तर यंत्रानं दिलं. पण आठ कुठे गेला ते आपण शोधलं. मला तर दुसऱ्यात जास्त मजा आली. तुला?

हं, एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते बाबा. आजीला सगळंच येत नाही! "जगातला सगळ्यात छान मित्र कोण?" असं विचारून बघ. याचा डबाही नाही आणि कृतीही नाही. असा प्रश्न आला की वुल्फ्रम अल्फा सरळ सांगतं, की याचं काय करायचं ते मला समजलं नाही. थापा मारण्यापेक्षा हे किती बरं!

हल्ली गप्पा मारणारे संगणकही आलेत. तुझ्या घरी कुणीतरी वापरत असेल. ते फार गोड बोलतात. पण ते कसं बोलतात? पुढचा शब्द कुठला असावा याचा अंदाज बांधत बांधत! त्यामुळे मोठा गुणाकार दिला की ते कधी कधी अगदी ऐटीत चुकीचं उत्तर ठोकून देतात. म्हणून मार्च २०२३ मध्ये एक मजेशीर गोष्ट झाली. चॅटजीपीटी या गप्पिष्टाला वुल्फ्रमची जोड मिळाली. बोलायचं त्यानं आणि हिशोब आला की धावत आजीकडे जायचं!

आता शेवटचा प्रयोग. हा तर मला सगळ्यात आवडतो.

गणितात एक चिन्ह आहे. ते बघून तू हसशील. ते चिन्ह म्हणजे उद्गारचिन्ह! खरंच! ५! असं लिहिलं की त्याचा अर्थ ५ × ४ × ३ × २ × १. उत्तर १२०. याला म्हणतात क्रमगुणित.

१०! किती? ३६२८८००. छत्तीस लाखांच्या वर! संख्या कशी धावतेय बघ.

मग १००! किती असेल? टाइप कर. एंटर दाब. आकड्यांची ही भलीमोठी झुंबड समोर येते. मोजलेस तर १५८ आकडे! एकही गाळलेला नाही. साध्या कॅल्क्युलेटरकडे एकच छोटा डबा असतो. आजी मात्र पीठ मावलं नाही तर दुसरा डबा घेते, मग तिसरा. लांबच लांब संख्या अशीच तुकड्यातुकड्यांत साठवली जाते.

आता त्या १५८ आकड्यांच्या शेपटाकडे बघ. शून्य, शून्य, शून्य... ओळीनं २४ शून्यं! बरोबर २४ च का?

शेवटी शून्य कधी येतं? दहानं गुणलं की. दहा कसे होतात? एक २ आणि एक ५ यांची जोडी जमली की. १ ते १०० मध्ये २ तर ढिगानं आहेत. प्रत्येक सम संख्येत आहेत. म्हणून फक्त ५ मोजायचे. पाच, दहा, पंधरा... असे शंभरपर्यंत पाचाच्या पाढ्यातल्या संख्या २०. पण २५ मध्ये पाच दोनदा आहे, कारण ५ × ५. तसंच ५०, ७५ आणि १०० मध्येही. हे झाले जास्तीचे ४. वीस अधिक चार, चोवीस!

कळलं ना? मग आता तुझी पाळी. १०००! च्या शेवटी किती शून्यं असतील? आधी कागदावर काढ. २५ ला विसरू नकोस. १२५ आणि ६२५ कडे तर जरा डोळे वटारूनच बघ! आकडा कागदावर लिहून झाला, की मग चौकट उघड आणि एंटर दाब!